कमाटी बागेतलं म्युझियम आणि आमची भिंत

आपल्या बडोद्याच्या म्युझियमच्या दुरुस्तीचा विषय निघाला की आपलीच माणसं म्हणतात, “टाइल्स बसवा, रंग मारा, चकाचक करा.” मला हे पटत नाही.

लक्ष्मी विलास पॅलेस पुरा करणाऱ्या चिशोल्म साहेबांनीच सयाजीराव महाराजांसाठी ही इमारत बांधली, १८९४ मध्ये. शेजारची पिक्चर गॅलरी १९१४ ला तयार झाली, पण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं अडकली आणि ती उघडली १९२१ ला. चित्रांसाठी सात वर्षं थांबलेली इमारत! तिथे घाई कशाला?

माझा अनुभव सांगतो. दांडिया बाजारातल्या आमच्या घराची भिंत जुनी, विटा-चुन्याची. मीच हौसेने तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. तीन पावसाळ्यांत लोणा फुटला, पोपडे पडले आणि तिथे टांगलेल्या आजोबांच्या तैलचित्राला बुरशी आली. चेहरा गेला तो गेलाच. आमचं एकच चित्र होतं. तिथे भिंतीभर आहेत.

बँकेत आयुष्य गेलं, म्हणून हिशेबाचं बोलतो. वीस वर्षांतून एकदा मोठा खर्च, मग उद्घाटन, फोटो, हे नको. दरवर्षी मे महिन्यात गच्ची, पन्हाळी बघा, चुन्याला चुनाच लावा. त्यात फोटो निघत नाही, हे खरं.

कोणाच्या ओळखीत चुन्याचं काम जाणणारा गवंडी असेल तर जरूर कळवा. आमची भिंत अजून तशीच आहे.