निष्ठा की नाइलाज?

दुकान ज्याचे, नियम त्याचे, हा व्यापारातील जुना न्याय आहे. मात्र साऱ्या बाजारात दुकानेच दोन असतील, तर त्या नियमांना कायद्याचे रूप येते. मोबाइलवरील ॲपच्या व्यवहारात ॲपल आणि गुगल यांच्याबाबत नेमके हेच घडले आहे.

जुलै २००८मध्ये ॲपलने सुमारे ५०० ॲपसह आपले ॲप स्टोअर उघडले, तेव्हा विकसकांनी त्याचे स्वागतच केले. विक्रीतील ७० टक्के रक्कम त्यांना, ३० टक्के ॲपलला, असा हा सौदा होता. त्या बदल्यात जगभरातील ग्राहक आयता मिळत होता. मात्र पुढे ॲपमधील डिजिटल खरेदीचे पैसे ॲपलच्याच यंत्रणेतून घेण्याचे बंधन आले आणि बाहेर हीच सेवा स्वस्त मिळते, हे ग्राहकाला ॲपमध्ये सांगण्यासही मनाई झाली. तेथून नाराजीला सुरुवात झाली.

ऑगस्ट २०२०मध्ये 'फोर्टनाइट' या खेळाची निर्माती एपिक गेम्स हिने हे बंधन उघडपणे मोडले आणि त्याच दिवशी ॲपलने तो खेळ हटविला. सप्टेंबर २०२१च्या निकालात अमेरिकी न्यायालयाने बहुतांश मुद्द्यांवर ॲपलची बाजू उचलून धरली. परंतु ग्राहकाला बाहेरचा मार्ग दाखविण्यावरील बंदी रद्द केली. ॲपलने मग बाहेरच्या खरेदीवरही २७ टक्क्यांपर्यंत दलाली लावली. हा आदेशाचा अवमान असल्याचे न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये स्पष्ट केले.

भारतातही याचा प्रत्यय आला. शुल्काच्या वादातून गुगलने १ मार्च २०२४ रोजी नोकरी, घर आणि विवाह जुळविणारी नामांकित भारतीय ॲप प्ले स्टोअरवरून काढली. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर काही दिवसांतच ती परतली. सेवा वापरून शुल्क न देणे इतरांवर अन्यायकारक आहे, हे गुगलचे म्हणणे अगदीच गैरलागू नव्हते. मात्र एका निर्णयाने वर्षानुवर्षे उभारलेला धंदा ग्राहकाच्या नजरेआड होऊ शकतो, ही धास्ती त्या घटनेने विकसकांच्या मनात कायमची बसविली. त्याआधी, ऑक्टोबर २०२२मध्ये, प्ले स्टोअरच्या देयक धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मार्च २०२५मध्ये अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला.

एवढे होऊनही विकसक दुकान सोडत नाहीत, कारण ग्राहक तेथेच आहे. ग्राहकही सोडत नाही. घेतलेली ॲप, छायाचित्रे, जुने संवाद हे सारे त्याच प्रणालीत गुंतलेले असते. या अवस्थेला निष्ठा म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. खरी नाराजी दिसते ती निराळ्या मार्गाने. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१८मध्ये ॲपलमार्फत नव्या ग्राहकांची वर्गणी घेणे थांबविले. आयफोनवरील किंडल ॲपमध्ये पुस्तक वाचता येई. पण विकत घेता येत नसे. दुकानदार आणि विकसक यांच्या भांडणात गैरसोय झाली ती ग्राहकाची.

तथापि, सारीच कठोरता त्याज्य नाही. बनावट कर्ज ॲपच्या जाळ्यात सापडून कित्येकांनी पैसा आणि स्वास्थ्य गमावलेल्या आपल्या देशात ॲपची काटेकोर तपासणी हवीच. त्या तपासणीतूनच ग्राहकाचा विश्वास निर्माण होतो. प्रश्न आहे तो सुरक्षेच्या नावाखाली होणाऱ्या टोलवसुलीचा. तपासणी आणि वसुली यांची फारकत करणे, तसेच किंमत व पैसे भरण्याचा मार्ग ग्राहकाला मोकळेपणाने सांगू देणे, एवढे नियामकांनी साधले तरी पुरे. दार उघडे असतानाही जो ग्राहक आणि जो विकसक आत थांबेल, त्यालाच निष्ठावान म्हणता येईल. दोन्ही कंपन्यांना आपल्या सेवेविषयी खात्री असेल, तर या कसोटीला त्यांनी घाबरण्याचे कारण नाही.