पिकअपला फोर बाय फोर करण्याआधी हे वाचा

मंडळी, पाऊस लागला की आपल्या खारबावात एक विषय ठरलेला. पिकअप शेताच्या वाटेत रुतते, ट्रॅक्टर शोधायला दोघं धावतात आणि संध्याकाळी नाक्यावर कुणीतरी म्हणतं, "भंगारातून जीपचं पुढचं हाउसिंग आणू, गाडी फोर बाय फोर करून टाकू. नवी घेण्यापेक्षा स्वस्तात पडेल."

माझं मत स्पष्ट आहे, करू नका.

नुसतं हाउसिंग बसवून भागत नाही. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस लागते, पुढे जाणारा दुसरा शाफ्ट लागतो, त्यासाठी क्रॉस मेंबर कापाकापी आली. पुढच्या-मागच्या हाउसिंगचा रेशो जुळला नाही तर चारही चाकं एकमेकांशीच भांडतात आणि दात तुटतात. आपले मिस्त्री हुशार आहेत, गाडी चालती करून देतीलही. पण पासिंगला काय दाखवणार?

कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. सीएनजी किटचं वेगळं, त्याला मंजुरीची सोय कायद्यातच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडही गाडीमागे नाही, प्रत्येक बदलामागे! वर अपघात झाला की विमावाल्याला क्लेम अडवायला आयतं कारण.

ज्याचा धंदाच चिखलातला आहे त्याने आहे ती गाडी विकून कंपनीतूनच फोर बाय फोर आलेली घ्यावी. सेकंडहँड का होईना. बोलेरो कॅम्परमध्ये ती मिळते. बाकीच्यांनी आधी टायर बघा. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं, म्हणून ती जागेवर फिरतात. खोल नक्षीचे टायर आणि हौद्यात मागच्या एक्सलवर चार गोणी रेती, एवढ्यावर बऱ्याच गाड्या निघतात. चार महिन्यांच्या चिखलासाठी बाकीचे आठ महिने जादा लोखंड आणि जादा डिझेल कशाला वाहायचं?

आणि चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यासाठी फोर बाय फोर हवी म्हणणाऱ्यांनो, खड्ड्यात चार चाकांना ताकद देऊन काही होत नाही दादा. पाटे तुटायचे ते तुटतातच.

गाडीला वाट नाही म्हणून गाडी बदलायची, हे उलटं चाललंय. शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारने 2021 साली मनरेगाच्या जोडीने मातोश्री योजना आणली. आपल्या किती वाटा त्यात मागितल्या, हे पंचायतीला विचारायला पाहिजे. ज्यांची गाडी रुतते त्यांनी आपल्या वाटेचे गट नंबर खाली कमेंटमध्ये टाका. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत यादी घेऊन जाऊ.