जहाजात पाऊल ठेवण्यापूर्वी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे अरण्याचे जिल्हे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही एके काळी या जिल्ह्यांतून आगबोटी चालविण्याचा बेत होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड-नागपूरकडील कापूस प्राणहिता-गोदावरीच्या मार्गाने थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यावा, या कल्पनेचा पाठपुरावा सर आर्थर कॉटन यांनी केला. १८६० मध्ये सिरोंचा परिसर निजामाकडून इंग्रजांकडे आला. नदीपात्रातील खडकांचे अडथळे ओलांडण्यासाठी बांध व कालवे यांची कामे हाती घेण्यात आली. खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये ही कामे सोडून देण्यात आली. आगबोटींच्या नियमित वाहतुकीचे स्वप्न तेथेच राहिले.

आज जहाज आपल्या गावी येत नसले, तरी आपली माणसे जहाजाकडे जाऊ लागली आहेत. वडीलधाऱ्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, दिवाळीची सुटी किंवा मुलांच्या परीक्षा संपल्यानंतरचा मोकळा आठवडा अशा निमित्ताने मुंबईहून गोवा अथवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझची चर्चा व्यापारी कुटुंबांत होऊ लागली आहे. श्रीपाल-मैनासुंदरीच्या कथेत धवलशेठाची जहाजे ऐकत वाढलेल्या घरांना समुद्रप्रवासाचे कुतूहल वाटावे, यात नवल नाही. मात्र हा प्रवास रेल्वेच्या किंवा मोटारीच्या प्रवासासारखा नाही, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

जमिनीवरील प्रवासात झालेली चूक वाटेत दुरुस्त करता येते. औषध विसरले तर पुढच्या गावात मिळते. जेवणाची अडचण आली तर एखादे नातलग, एखादी पेढी आधार देते. भद्रावतीसारख्या तीर्थस्थानी धर्मशाळा आणि भोजनशाळा असते. जहाजाने किनारा सोडला की यांपैकी काहीही उरत नाही. स्वयंपाकघर एकाच कंपनीचे, दुकान तिचेच आणि डॉक्टरही तिचाच. म्हणून समुद्रप्रवासाची खरी तयारी घरी बसूनच पूर्ण करावी लागते.

गडचिरोलीतील एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. आजींचा चौविहार कित्येक वर्षांचा. नातवाने सर्वांना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून परस्पर तिकिटे काढली. जहाजावर पहिल्याच संध्याकाळी लक्षात आले की, मुख्य भोजनगृह सूर्यास्तानंतर उघडते. आजी काही बोलल्या नाहीत. सोबत आणलेल्या खाखऱ्यावर त्यांनी दोन दिवस काढले आणि घरी परतल्यावर ‘छान झाला प्रवास’ एवढेच म्हणाल्या. हे उदाहरण कल्पित असले, तरी अशी वेळ कोणत्याही घरावर येऊ शकते. ती टाळण्यासाठी तिकिटाचे पैसे भरण्याआधी काही प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न भोजनाचा. मुंबईहून सुटणाऱ्या भारतीय क्रूझवर जैन भोजन मिळू शकते, परंतु तेवढ्या एका शब्दावर समाधान मानू नये. भोजन कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य करून बनते काय, त्यासाठी भांडी वेगळी असतात काय, ते आरक्षणाच्या वेळीच नोंदवावे लागते काय आणि मुख्य म्हणजे सूर्यास्तापूर्वी कोणत्या भोजनगृहात मिळते, हे लेखी विचारून घ्यावे. जहाजावर शाकाहारी व मांसाहारी असे दोन्ही प्रकारचे अन्न शिजते. ज्यांना एका छताखालचे असे अन्न चालत नाही, त्यांनी क्रूझचा विचार न करणेच उत्तम. उकळलेलेच पाणी पिण्याचा नियम असणाऱ्यांनी त्याचीही आधी चौकशी करावी. घरचे शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातील कोरडा खाऊ किती नेता येईल, हे कंपनीगणिक बदलते.

दुसरा प्रश्न वेळेचा. चंद्रपूरच्या तुलनेत मुंबईत सूर्य सुमारे २५ मिनिटे उशिरा उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. घरच्या पंचांगातील वेळा तेथे लागू पडत नाहीत. संध्याकाळी ही २५ मिनिटे सोयीची ठरतात. सकाळी मात्र नवकारसीसाठी सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे तेथील सूर्योदयापासून मोजावी लागतात. जहाज दक्षिणेकडे जाऊ लागले की या वेळाही थोड्या बदलतात. रोजच्या सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ जहाजावरील स्वागतकक्षात विचारावी.

तिसरा प्रश्न नियमांचा. अनेक श्रावक-श्राविकांनी दिग्व्रत घेतलेले असते. कोणत्या दिशेला किती अंतरापलीकडे जायचे नाही, याची मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतलेली असते. ही मर्यादा त्या स्वतःहून सांगतीलच असे नाही. म्हणून प्रवास ठरविण्यापूर्वी घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारावे. चातुर्मासात प्रवास न करण्याचा नियम अनेक घरांत पाळला जातो. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा काळ खवळलेल्या समुद्राचाही असतो. परंपरा आणि हवामान येथे एकच सल्ला देतात. पहिल्या प्रवासासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखाचे.

सामायिकासाठी कटासणे आणि मुहपत्ती सोबत न्यावी. पहाटे जहाजाच्या वरच्या मजल्यावर निवांत कोपरा मिळू शकतो. दिवा, उदबत्ती किंवा धूप मात्र जहाजावर चालत नाही. समुद्रात आग हा सर्वांत मोठा धोका मानला जातो. इस्त्री, शेगडी, पाणी तापविण्याचा रॉड या वस्तूही तपासणीत काढून घेतल्या जातात.

आता बंदरापर्यंतचा प्रवास. मुंबईचे क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअर येथे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकापासून जवळच आहे. अडचण तेथवर वेळेत पोहोचण्याची आहे. गडचिरोली जिल्ह्यातील लोकांना रेल्वेसाठी देसाईगंजचे वडसा स्थानक, नाही तर चंद्रपूर, बल्लारशाह किंवा नागपूर गाठावे लागते आणि तेथून मुंबई एका रात्रीहून कमी नाही. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. प्रवाशांची नोंदणीही जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते. म्हणून एक दिवस आधीच मुंबईत पोहोचावे. त्या एका मुक्कामाच्या खर्चात संपूर्ण तिकीट वाया जाण्याची भीती टळते.

देशांतर्गत क्रूझसाठी प्रत्येकाचे, लहान मुलांचेही, छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र लागते. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. विवाहानंतर नाव बदललेल्या सुनांच्या बाबतीत येथेच घोटाळा होतो. लक्षद्वीपच्या बेटांवर उतरण्यासाठी प्रवेश परवाना लागतो; तो कंपनी काढून देणार की प्रवाशाने काढायचा, हे विचारावे. सिंगापूरसारख्या ठिकाणाहून निघणाऱ्या क्रूझसाठी पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक असावी. जहाज दुसऱ्या देशात जाऊन परत त्याच बंदरात येणार असेल, तर व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा हवा.

खोली निवडताना केवळ दर पाहू नये. आतील खोलीला खिडकी नसते. ती स्वस्त असते, पण ज्यांना कोंडल्यासारखे वाटते त्यांना तेथे त्रास होतो. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. ज्येष्ठांसाठी उद्वाहनाजवळची खोली मागावी. मळमळीचा त्रास होईल असे वाटत असेल, तर आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी आधीच घ्यावी. त्रास सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी होतो. ओले आले न खाणाऱ्यांना सुंठीची पूड किंवा गोळी सोबत ठेवता येते. मोकळ्या हवेत उभे राहून दूर क्षितिजाकडे पाहिल्यानेही आराम पडतो. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे चार दिवस अधिक घ्यावीत आणि हातातील पिशवीतच ठेवावीत, कारण बंदरावर सोपविलेले मोठे सामान खोलीत पोहोचायला काही तास लागतात. गर्भारपणाचे २४ आठवडे झाल्यानंतर बहुतेक कंपन्या प्रवेश देत नाहीत. काही बेटांजवळ जहाज धक्क्याला लागत नाही, लहान होडीत उतरून किनारा गाठावा लागतो. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

व्यापाऱ्याला हिशेब सांगण्याची गरज नाही, तरीही येथे एक सूचना आवश्यक ठरते. जाहिरातीतील दर हा पूर्ण खर्च नसतो. बंदर शुल्क, सेवा शुल्क, जीएसटी, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांचा आकडा वेगळा येतो. जहाजावर रोख रकमेऐवजी खोलीच्या कार्डावर खर्च नोंदविला जातो आणि अखेरीस बिल हाती पडते. बहुतेक जहाजांवर मद्यालय व जुगाराचे दालनही असते. तरुण मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्यावी आणि या गोष्टींविषयी घरीच मोकळेपणाने बोलून ठेवावे.

किनारा दूर गेला की मोबाईल बंद पडतो. जहाजावरील जाळ्यावर फोन चालू राहिल्यास बिल प्रचंड येते, म्हणून तो विमान-मोडवर ठेवावा. ओटीपी येणार नाही, बँकेचे काम होणार नाही, हे गृहीत धरावे. महिन्याच्या ११ व २० तारखा जीएसटी विवरणपत्रांच्या असतात. धान खरेदीचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम आपल्या भागात ठरलेला असतो. हे दिवस टाळावेत आणि निघण्यापूर्वी दुकानाचा कारभार विश्वासू हाती लेखी सूचनांसह द्यावा.

जहाजावर गेल्यावर पहिले काम सुरक्षा कवायतीचे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर जगातील राष्ट्रांनी सागरी सुरक्षेचे नियम केले, आणि २०१२ मधील कोस्टा कॉन्कॉर्डियाच्या अपघातानंतर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वीच घेण्याचा दंडक अधिक कडक झाला. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ही आणीबाणीची खूण होय. जीवरक्षक जाकीट कोठे आहे आणि कोणत्या ठिकाणी जमायचे, हे आजींपासून नातवापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. मजा म्हणून ही कवायत चुकविणे हा शहाणपणा नव्हे.

पहिल्या वेळी लांबचा प्रवास घेऊ नये. मुंबई-गोव्यासारखा दोन-तीन रात्रींचा प्रवास पुरेसा आहे. समुद्र मानवतो की नाही, हे तेवढ्यात कळते.

आणि नातवाला आजींसाठी तिकीट काढायचे असेल, तर त्याने आधी एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसावे. त्यांचे नियम कोणते, सूर्यास्तापूर्वी काय लागते, किती दूर जाणे त्यांना मान्य आहे, हे विचारून एका कागदावर लिहून घ्यावे आणि तोच कागद आरक्षण करणाऱ्यापुढे ठेवावा. उत्तरे समाधानकारक आली तर आजी आनंदाने येतील. न आली तर त्या घरी राहतील, अथवा सारे कुटुंब मिळून दुसऱ्या एखाद्या ठिकाणी जाईल. दोन्ही परिस्थितींत आजींना समुद्रात उपाशी राहून गप्प बसण्याची वेळ येणार नाही.