काकांची दुरुस्ती करणारा मी कोण?

भिगवणला पहाटे होडीत बसलो, तरी मान मोबाइलवरच. ई-बर्डची यादी पुरी करायची होती ना! नावाडी काका म्हणाले, "ते बघा, अग्निपंख." मी लगेच, "ग्रेटर फ्लेमिंगो, काका." शहाणाच!

डेटाबेसवर पोट भरणाऱ्या मला कळायला हवं होतं. ओळखीसाठी 'फिनिकॉप्टेरस रोझियस' आहेच. बाकी सगळी लेबलं, इंग्रजीसुद्धा. व्यक्तींवरून पडलेली इंग्रजी पक्षिनावं बदलायचं अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीनेच २०२३मध्ये जाहीर केलं. मग रोहित, अग्निपंख तेवढे अशास्त्रीय?

चेकलिस्टमध्ये प्रत्येक जातीसाठी टिप्पणीची जागा असते. तिथे आपण लेन्सचं कौतुक लिहितो. स्थानिक नाव लिहायला किती सेकंद लागतात?

काकांनी आणखी चार नावं सांगितली होती. मला एकही आठवत नाही.