एमबीए जरूर करा, पण पॅम्प्लेट बघून नको!



परवा एसटी स्टँडसमोर चहा घेत होतो. एक ओळखीचे गृहस्थ आले. पतसंस्थेत वसुलीला आहेत, वय पस्तिशीचं, दोन लहान लेकरं. खिशातून पॅम्प्लेट काढून पुढे केलं. ‘नोकरी करत एमबीए. एका वर्षात डिग्री. परीक्षेचं टेन्शन नाही.’ फी पंचावन्न हजार, हप्त्यांची सोय. म्हणाले, "भाऊ, तुम्ही पेपरवाले. भरू का पैसे?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण अशाच एका सेंटरची जाहिरात तीन वर्षांपूर्वी आमच्या वर्धापनदिन पुरवणीत मीच आणली होती. कमिशनही घेतलं होतं. आज त्या सेंटरला कुलूप आहे. पैसे भरलेली पोरं बाजारात दिसली की मी नजर चुकवतो. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, दूरशिक्षणाचं एमबीए दोन वर्षांचं असतं. ते वर्षभरात देतो म्हणणारा फसवतोय, एवढं सरळ आहे. 2024 मध्ये तर ‘दहा दिवसांत एमबीए’वाल्यांपासून सावध राहा, असं यूजीसीलाच जाहीरपणे सांगावं लागलं.

दुसरी गोष्ट, दूरशिक्षणाची फ्रँचायझी देता येत नाही. इग्नूची किंवा आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं असतात, ती वेगळी. प्रवेश विद्यापीठ देतं, फीची पावती विद्यापीठाची असते. पावतीवर क्लासवाल्याचं नाव दिसलं की तिथूनच मागे फिरा. यूजीसीच्या डीईबी साइटवर तीन गोष्टी बघा: विद्यापीठाचं नाव, त्याच अभ्यासक्रमाचं नाव आणि त्याच वर्षाची मान्यता. तिन्ही जुळल्या तरच पुढे जा.

"दूरशिक्षणाच्या डिग्रीला किंमत नसते," असं काही जण म्हणतात. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. पण खासगी कंपनी कॉलेजचं नाव बघतेच, हेही खरं. दोन्ही गोष्टी माहीत असू द्या.

आता खरा प्रश्न. एमबीए करायचं कशाला? त्या गृहस्थांना मी विचारलं, "तुमच्या संस्थेत गेल्या पाच वर्षांत कोणाला बढती मिळाली? त्यांच्याकडे काय होतं?" थोडा विचार करून म्हणाले, "एकाची सीनियॉरिटी होती. दुसऱ्याने जीडीसी अँड ए केलं होतं." झालं की मग! सहकार खात्याची ती परीक्षा कमी पैशात होते आणि त्यांच्या क्षेत्रात तिला वजन आहे. आधी ती द्यावी, एमबीए नंतर बघावं.

ज्यांना बँकेत, कंपनीत वर जायचंय किंवा नोकरीच बदलायचीय, त्यांनी जरूर करावं. पण आधी वेळेचा हिशोब घाला. दोन वर्षं रोज रात्री दीड तास निघेल का? वसुलीवाल्यांचा मार्चअखेर कसा जातो, हे मी सांगायला नको. घरच्यांना विचारून ठरवा, कारण त्या दीड तासात लेकरांचा अभ्यास दुसऱ्या कोणाला तरी घ्यावा लागणार. आणि कर्ज काढून तर अजिबात नको. सेमिस्टरची फी पगारातून निघत नसेल तर वर्षभर थांबा. डिग्री कुठे पळून जात नाही.

माझ्यापुरतं सांगतो. डीईबीच्या यादीत नाव बघितल्याशिवाय अशी जाहिरात मी यापुढे आणणार नाही. तालुक्यातल्या पत्रकार मित्रांनाही हात जोडून तेवढंच सांगणं आहे. जाहिरात छापली की लोक ती आपल्या भरवशावर वाचतात.

त्या गृहस्थांनी पॅम्प्लेट घडी घालून परत खिशात ठेवलंय. पैसे अजून भरलेले नाहीत.