तोफेच्या तोंडून सांगितलेला इतिहास

उस्मानी, सफवी आणि मोगल या तीन साम्राज्यांना पाश्चात्त्य विद्यापीठांनी एक सामायिक बिरुद बहाल केले आहे : ‘गनपावडर एम्पायर्स’, अर्थात दारूगोळ्याची साम्राज्ये. मार्शल हॉजसन या अमेरिकी विद्वानाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून ही संज्ञा पुढे आली. विल्यम मॅकनील यांनी १९८९ मध्ये तिला अधिक ठाशीव रूप दिले. तोफा ओतण्यास लागणारे द्रव्य केवळ मध्यवर्ती सत्तेपाशी होते, त्या तोफांपुढे सरदारांचे गड टिकेनात, म्हणून ही साम्राज्ये उभी राहिली, असा हा एकंदर युक्तिवाद. मांडणी सुटसुटीत आहे, परीक्षेत उत्तर लिहिण्यास सोयीची आहे. अडचण एवढीच, की घडलेला इतिहास तिच्यात मावत नाही.

तोफांनी काही लढाया निश्चित जिंकून दिल्या. १५१४ मध्ये चाल्दिरानच्या रणात सुलतान सलीमच्या तोफखान्याने शाह इस्माइलचे घोडदळ मोडले. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने गाड्यांची रांग बांधून रूमी पद्धतीने तोफा डागल्या. परंतु लढाई जिंकणे निराळे आणि साम्राज्य टिकवणे निराळे. चाल्दिरानला ज्याचा धुव्वा उडाला, त्या इस्माइलचे घराणे पुढे दोनशे वर्षे इराणच्या गादीवर राहिले. आणि १७२२ मध्ये गुलनाबादच्या मैदानात सफवी सैन्यापाशी तोफा असताना, उंटावरील हलक्या जंबुरक्यांवर भिस्त ठेवणाऱ्या अफगाणांनी ते उधळून लावले. मग इस्फहानला वेढा पडला आणि ती वैभवशाली राजधानी भुकेने शरण आली. दारूगोळ्याच्या सिद्धान्तात याचे उत्तर कोणते?

खरी कसोटी मात्र दक्षिणेत लागली. औरंगजेबापाशी त्या काळी आशियातील अग्रगण्य तोफखाना होता. १६८७ मध्ये गोवळकोंड्यापुढे तो सुमारे आठ महिने गरजत राहिला. तटाखाली पेरलेले सुरुंग उलटून मोगलांचेच सैनिक मेले. अखेर किल्ला पडला तो अब्दुल्ला पणी नावाच्या फितुराने रात्री दार उघडले म्हणून. पाठोपाठ जिंजी. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाल्यावर राजाराम महाराज तेथे पोहोचले. १६९० मध्ये पडलेला वेढा १६९८ पर्यंत रेंगाळला आणि गड हाती आला तेव्हा छत्रपती निसटून गेलेले होते. सातारच्या अजिंक्यताऱ्यावर १७०० च्या एप्रिलमध्ये सुरुंगाने तट उडवला, तर तो बाहेरच्या बाजूस कोसळून हल्ल्यासाठी उभे असलेले बादशाही लोकच त्याखाली गाडले गेले! तो गड पुढे वाटाघाटींनी मिळाला. त्यानंतरचे बहुतेक किल्ले बादशहाने चक्क थैल्या मोजून घेतले. जबरीने जिंकलेला तोरणा (१७०४) हा त्यातील अपवाद म्हणावा लागेल. किल्लेदाराने रक्कम घेऊन गड सोडायचा आणि फौज हलली, की मराठ्यांनी तो पुन्हा घ्यायचा, असा तो व्यवहार होता.

साम्राज्य उभे होते ते तोफेवर नव्हे, रयतेच्या धान्यावर. मनसबदाराला जहागीर मिळायची आणि काही वर्षांत बदलायची. पुढे आपल्याकडे न राहणाऱ्या मुलखाची काळजी कोण वाहील? तो पिळून घ्यायचा एवढेच त्याला ठाऊक. अकबराच्या काळी उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा असलेला सारा पुढे निम्म्यापर्यंत चढला. दक्षिणेत मनसबी वाढत गेल्या आणि वाटायला जहागिरी उरल्या नाहीत. हा सगळा कणा सोडून लोखंडाच्या नळ्यांकडे बोट दाखवणारा इतिहास विद्वत्तेचा म्हणवतो, हे नवल.

आणि त्या नळ्यांच्या हिशेबात धर्मसत्ता कोठे बसते? १५०१ मध्ये तबरीझ घेताच शाह इस्माइलने शिया पंथ राज्यधर्म ठरवला आणि सुन्नी प्रजेवर तो लादला. उलट अकबराने १५६४ मध्ये रद्द केलेला जिझिया औरंगजेबाने १६७९ मध्ये हिंदूंवर पुन्हा बसवला. यांपैकी एकही निर्णय तोफेने घेतला नव्हता, तो घेतला राज्यकर्त्याने, स्वतःच्या समजुतीने आणि स्वतःच्या राजकारणासाठी. सगळे श्रेय यंत्राच्या नावे लिहिले, की राज्यकर्त्यांवरील दोषही आपसूक पुसला जातो. मग प्रतिकाराची दखल घेण्याचीही गरज उरत नाही.

१७०७ मध्ये अहमदनगरात वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी औरंगजेब मेला, तेव्हा त्याचा तोफखाना शाबूत होता. अवघ्या बारा वर्षांनी, १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतले.