गिटार घेताना

आपल्या नागापूर एमआयडीसीतल्या कामगाराचा मुलगा ‘ब्लॅक सबाथ’ हा विलायती रॉक बँड ऐकून तसलीच इलेक्ट्रिक गिटार मागू लागला, तर त्याला त्या बँडच्या टोनी आयोमीची हकिकत सांगावी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली, सतराव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बँजोच्या पातळ तारा लावल्या. १९७० च्या पहिल्या तबकडीत हीच बोटे वाजली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, नावाला भुलू नका. मुलाच्या हाताला बसणारी, सरळ दांडीची गिटार वाजवून पाहून घ्या. तारा पातळ लावा. अॅम्प्लिफायरपुरते पैसे मात्र राखा. त्यावाचून तिचा आवाज शेजाऱ्यालाही ऐकू जायचा नाही.